अतिनील दिवा आणि घरातली हवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाऱ्याची वाफ असलेल्या कमी दाबाच्या नळीतून वीज गेली की २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण बाहेर पडतात. जंतूंच्या डीएनए-आरएनएमध्ये ते शोषले जातात, तिथली घडण मोडते आणि जंतूंची वाढ थांबते. जंतुनाशक अतिनील दिव्याचे, म्हणजे दुकानातल्या ‘यूव्ही लाइट’चे, काम एवढेच आहे. त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा कानावर येणारे विधान मात्र वेगळेच असते : ‘यूव्ही लावला की घरातली हवा शुद्ध होते.’ हे विधान चुकीचे आहे, आणि जिथे हवेचा खरा त्रास धुराचा आहे तिथे ते घातकही आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातले कोंढा हे गाव धानाच्या मुलखातले. अशा गावात घरातली हवा बिघडते ती मुख्यतः चुलीच्या धुराने, धुऱ्यावरच्या तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या जळताना उठणाऱ्या काजळीने, मळणीच्या दिवसांत तणस आणि कोंड्याच्या धुळीने, रात्री मच्छर कॉइलने. सकाळी कवेलूंच्या फटीतून उन्हाची तिरीप घरात उतरते, तेव्हा तिच्यात हजारो कण तरंगताना दिसतात. दिसतात ते मोठे कण. फुप्फुसात खोलवर जाणारे, अडीच मायक्रॉनहून लहान असलेले कण डोळ्यांना एकेकटे दिसतही नाहीत. त्या खोलीत अतिनील दिवा रात्रभर जळाला तरी दुसऱ्या दिवशीच्या तिरिपेत तेच कण तसेच तरंगत असतात. काजळीच्या कणाला डीएनए नसतो, त्यामुळे दिव्याने मारावे असे तिथे काहीच नसते. कार्बन मोनॉक्साइड त्या दिव्याने हटत नाही, आणि धुळीचा एक कणही कमी होत नाही. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुरावरचा इलाज गॅस, धुराडे आणि उघडी खिडकी हा आहे. चुलीच्या घरात यूव्हीवर पैसे घालणे म्हणजे ते वाया घालवणे.

हा समज बहुधा पाण्याच्या यंत्रावरून आला असावा. त्यात यूव्ही असतो, पाणी शुद्ध होते, मग हवा का नाही? पण त्या यंत्रात गाळ आधी गाळणीत अडतो, आणि स्वच्छ झालेले पाणी बंद नळकांड्यात दिव्याच्या अगदी जवळून जाते. गढूळ पाणी नुसते यूव्हीतून काढले तर ते गढूळच राहते, शिवाय गाळाच्या आडोशाला जंतूही वाचतात. पाण्याच्या बाबतीत हे कुणालाही चटकन पटते. हवेच्या बाबतीत तेच किती वेळा सांगावे लागते!

याचा अर्थ दिवा निकामी आहे, असा मुळीच नाही. हवेतून पसरणाऱ्या जंतूंविरुद्ध त्याची ताकद मोठी आहे आणि ती प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गांच्या वरच्या भागात असे दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत लागण कमी झाली. पुढे इतर ठिकाणच्या शाळांत मात्र तसा फायदा दिसला नाही, कारण मुले शाळेच्या बसमध्ये आणि बाहेरही एकत्र येत होती. दिवा जिथे आहे तिथल्याच हवेवर तो काम करतो. पेरूची राजधानी लिमा इथे एका रुग्णालयाच्या क्षयरोग कक्षातली हवा गिनिपिगांना देऊन पाहण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोणताही उपाय न केलेल्या हवेत ३५ टक्के प्राण्यांना लागण झाली, तर वरच्या भागात अतिनील दिवे आणि हवा ढवळणारे पंखे असताना ९.५ टक्क्यांना. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना क्षयरोगाचा प्रसार रोखण्यासाठी अशा दिव्यांची शिफारस करते, पण अटींसह.

त्या अटी घरात पाळणे अवघड असते. दिवा साधारण सात फुटांच्या वर हवा, त्याचे किरण आडव्या पट्ट्यांच्या आडोशाने छताकडेच राहावेत, छत किमान आठ फूट हवे आणि खालची हवा वर जाईल इतकी ती खेळती हवी. उतरत्या कवेलूंच्या घरात वळचणीकडची भिंत माणसाच्या डोक्याइतकीच उंच असते. तिथे लावलेला दिवा छताकडे नाही, थेट डोळ्यांत पाहतो. दुसरा मार्ग दिवा वातानुकूलनाच्या नळीत बसवण्याचा. चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने तयार केलेली अशी यंत्रणा २०२२ साली संसद भवनात बसवण्यात आली. तिथे दिवा माणसांना दिसतही नाही. घरात अशी नळी नसते, विदर्भात असतो तो कूलर. त्यात यूव्ही बसवण्याची कल्पनाही सुचवली जाते. पण कूलरचा पंखा हवा इतक्या झपाट्याने ओढतो की जंतूला पुरेशी मात्रा मिळायला वेळच उरत नाही. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. शिवाय कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तर आतली बाहेर काढतो, म्हणजे जंतू घराबाहेर काढण्याचे काम तो आधीच करत असतो. लिमातल्याच आणखी एका अभ्यासात, २००७ साली, रुग्णालयांतल्या कक्षांची दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण २८ वेळा हवा बदलली. यंत्राने हवा खेळवणाऱ्या आधुनिक खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर उघडी खिडकी, रुग्णाच्या तोंडाला मास्क आणि नियमित औषध यांची जागा कोणताही दिवा घेऊ शकत नाही.

दुसरा धोकादायक समज असा की माणसे खोलीत असताना दिवा लावला तरी चालतो, ‘निळा उजेडच तर आहे’. ३० वॅटच्या उघड्या जंतुनाशक नळीपासून एक मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मायक्रोवॅट किरण पोहोचतात. डोळे आणि त्वचेसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादा, दिवसाच्या आठ तासांकरिता, दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल आहे. म्हणजे दिवसभराची मर्यादा एका मिनिटात संपते. त्या क्षणी काहीच जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला होतो तोच हा त्रास. लहान मूल असलेल्या घरात उघडी नळी आणूच नये.

निळा उजेड म्हणजे अतिनील, हेही खोटे : अतिनील डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो पाऱ्याचा जोडीचा निळसर प्रकाश, आणि निळ्या रंगाच्या झीरो बल्बात जंतुनाशक असे काहीच नसते. नळी पेटते म्हणजे काम करते असेही नाही, कारण बहुतेक नळ्यांची जंतुनाशक ताकद सुमारे नऊ हजार तासांत बरीच उतरते आणि उजेड तसाच राहतो. मळणीच्या दिवसांत नळीवर बसलेल्या कोंड्याच्या पातळ थरातून निळा उजेड येत राहतो, किरण मात्र बरेचसे अडतात, म्हणून ती बंद करून, थंड झाल्यावर पुसावी लागते. साध्या खिडकीच्या काचेतून २५४ नॅनोमीटरचे किरण जात नाहीत, त्यामुळे साध्या काचेच्या बल्बावर ‘जंतुनाशक यूव्ही’ छापलेले असेल तर ते खोटे. उपाहारगृहातला माशा मारणारा दिवा वेगळ्या, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांनी किडे ओढतो, हवेतले जंतू मारत नाही. भिंतीवरची बुरशी या दिव्याने जात नाही, बुरशीच्या बीजाणूंना जिवाणूंच्या कितीतरी पट मात्रा लागते आणि ओल तशीच राहते. दिवा लावल्यावर येणारा ‘ताजा’ वास हा ओझोनचा असू शकतो, आणि तो फुप्फुसांना त्रासदायक आहे. असा वास देणारी नळी घरात नको. हात किंवा अंग निर्जंतुक करायला हा दिवा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाकाळातच स्पष्ट केले होते.

नळी फुटली तर तिच्यातला पारा हवेत मिसळतो. अशा वेळी माणसांना बाहेर काढून दारे-खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा आणि निदान पंधरा मिनिटे थांबावे. मग हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. झाडूने पारा पसरतो, म्हणून तिथे झाडू लावू नये.