तलवार, तह आणि टाक

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव अशीरगडाजवळ इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. शाळेच्या पुस्तकात ही हकीकत दोन ओळींत आटोपते. बाजीरावाशी वाटाघाट करून त्याला आठ लाखांचा तनखा कबूल करणारा इंग्रजांचा सेनानी कोण, हे त्यात बहुधा नसते. तो होता सर जॉन माल्कम. याच माल्कमने त्याआधी सहाच महिने महिदपूरला होळकरांच्या तोफांवर हल्ला चढवला होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, महाबळेश्वरला त्याच्या नावाची पेठ वसली आणि अहिल्याबाई होळकरांची थोरवी इंग्रजी वाचकांना कळली तीही त्याच्याच ग्रंथातून.

माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा, स्कॉटलंडच्या डम्फ्रीसशायरमधला. बाप शेतकरी, घरात सतरा भावंडे आणि डोक्यावर कर्ज. अशा घरातली मुले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत धाडली जात. भरतीच्या वेळी साहेबांनी पोराला विचारले, हैदर अली समोर आला तर काय करशील? त्याने क्षणात उत्तर दिले, तलवार उपसून त्याचे डोके उडवीन! त्याची भरती तिथेच झाली अशी आख्यायिका आहे. १७८३ साली तो मद्रासला उतरला तेव्हा त्याचे वय चौदाच्या आसपास होते. सुरुवातीची वर्षे उनाडक्या आणि उधारीत गेली. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत मात्र त्याच्या ध्यानात आले, की या देशात बढती हवी तर बंदुकीइतकीच फारसी भाषा यायला हवी. त्याने मुन्शी ठेवला आणि चिकाटीने फारसी शिकला.

त्याचे नशीब या भाषेने उघडले. १७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाला. त्यानंतर म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या आयोगाच्या दोन चिटणिसांपैकी एक माल्कम होता, दुसरा थॉमस मन्रो. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवले. पुढच्या अकरा वर्षांत त्याच्या इराणकडे आणखी दोन वकिलाती झाल्या. बटाट्याचे पीक इराणात त्यानेच नेले असे सांगतात. या वकिलातींतून साधले काय, यावर इतिहासकारांचे वाद आहेत. १८१५ साली मात्र त्याचा इराणच्या इतिहासाचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि लेखक म्हणून युरोपभर त्याचे नाव झाले.

पुस्तके लिहिण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. कामगिरीवर गेला की तो तिथल्या माणसांना बोलते करी, जुने कागद मागून घेई आणि टिपणे काढी. १८०५ मध्ये लॉर्ड लेकची फौज यशवंतराव होळकरांचा पाठलाग करीत पंजाबात शिरली. त्या फौजेबरोबर माल्कमही होता. यशवंतरावांशी झालेल्या राजघाटच्या तहाची बोलणी त्याने केली, आणि त्या धावपळीतही शिखांच्या इतिहासाची साधने गोळा केली. त्यांतून शिखांवरचे त्याचे पुस्तक तयार झाले. मोहीम संपली की हाती एक तह आणि एक ग्रंथ, असा त्याचा हिशेबच असे.

मराठी वाचकाला त्याच्या चरित्रातली १८१७ आणि १८१८ ही दोन वर्षे सर्वांत जवळची. ऑगस्ट १८१७ मध्ये त्याने साताऱ्याजवळ माहुलीला बाजीरावाची भेट घेतली. बाजीराव गोड बोलला आणि माल्कमचा त्याच्यावर विश्वास बसला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन तितका भोळा नव्हता. नोव्हेंबरात खडकीला तोफा धडाडल्या आणि एल्फिन्स्टनचा अंदाज खरा ठरला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकर आणि इंग्रज समोरासमोर आले. लढाईच्या आदल्याच दिवशी होळकरांच्या लष्करातल्या एका गटाने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची हत्या केली होती. गादीवर अल्पवयीन मल्हारराव होते. अशा दुभंगलेल्या छावणीच्या तोफांनी तरीही इंग्रजांचे मोठे नुकसान केले. त्या तोफांवरचा हल्ला माल्कमच्या हुकमतीत झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांचे स्वातंत्र्य या तहाने संपवले.

पळून पळून थकलेल्या बाजीरावाने शरणागतीसाठी माल्कमलाच निवडले, कारण पुण्याच्या एल्फिन्स्टनपेक्षा हा माणूस मऊ आहे हे तो ओळखून होता. आठ लाखांच्या तनख्यावर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज नाखूश झाला. रक्कम फार झाली असे त्याचे मत पडले. माल्कमचा हिशेब वेगळा होता. अशीरगड अजून शिंद्यांच्या किल्लेदाराच्या हातात होता, पावसाळा तोंडावर आला होता आणि मोहीम लांबली तर खर्च याहून अधिक होता. ही उदारता हिशेबी होती. पण कंपनीलाही चकवणारी एक गोष्ट पुढे घडली. बाजीराव बिठूरला १८५१ पर्यंत जगला. म्हणजे तेहतीस वर्षांच्या आसपास तनखा चालला आणि आकडा अडीच कोटींच्या पुढे गेला. नंतर गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकपुत्र नानासाहेबांना तो नाकारला. करारात बाजीराव आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा उल्लेख होता, त्यावर नानासाहेबांचा दावा उभा होता. १८५७ च्या त्यांच्या संतापाची एक मुळी अशी माल्कमच्या मसुद्यापर्यंत पोचते.

पेशवाईनंतर माल्कम १८२१ पर्यंत माळव्यात राहिला. महूची छावणी त्याच काळातली. आपल्या खोलीचे चारही दरवाजे उघडे असतात, असे तो अभिमानाने लिही. भिल्ल, गिरासिये, पटेल, सरदार, कोणीही यावे आणि गाऱ्हाणे सांगावे. हाताखालच्या अंमलदारांसाठी त्याने सूचना लिहून ठेवल्या आणि लोकांशी अदबीने वागण्यावर त्यांत भर दिला. या ऐकण्यातून १८२३ चा मध्य हिंदुस्थानावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ उभा राहिला. अहिल्याबाईंचे निधन १७९५ चे, त्यामुळे त्यांना पाहिलेली माणसे माळव्यात हयात होती. अहिल्याबाईंची दिनचर्या, म्हणजे पहाटे उठणे, पूजा, पुराणश्रवण, अन्नदान, दुपारपासून सूर्यास्तापर्यंतचा दरबार आणि रात्री पुन्हा कामकाज, त्याने लोकांना विचारून नोंदली. मुलगी मुक्ताबाई सती गेली तेव्हाचा त्यांचा शोकही त्याने लिहिला. हे वाचून स्कॉटलंडच्या जोआना बेली या कवयित्रीने अहिल्याबाईंवर काव्य रचले.

मुंबईचे गव्हर्नरपद त्याला १८१९ मध्येच हवे होते, पण ते एल्फिन्स्टनला मिळाले. माल्कमची पाळी १ नोव्हेंबर १८२७ ला आली आणि डिसेंबर १८३० पर्यंत तो त्या पदावर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून त्याने खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा मिळवली आणि माल्कम पेठ वसली. बोरघाटाचा गाडीरस्ता त्याच्याच कारकिर्दीत खुला झाला. मार्च १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. सतीबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात लागू झाला तोही त्याच वर्षी.

याच काळात त्याचा हट्टही दिसला. पुण्याच्या मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. पुणे या कोर्टाच्या हद्दीत येत नाही, असे माल्कमच्या सरकारचे म्हणणे होते. सरकार हुकूम मानेना, तेव्हा न्यायाधीश ग्रँटने एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. प्रकरण लंडनला गेले आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. दक्खनच्या सरदारांचा मान राखण्याचे कारण माल्कमने पुढे केले, पण आपल्या अधिकारावर कोर्टाचा लगाम त्याला नको होता हेही तितकेच खरे.

मायदेशी परतून तो पार्लमेंटात गेला, मतदानसुधारणेच्या विधेयकाला विरोध करीत राहिला आणि ३० मे १८३३ रोजी लंडनमध्ये वारला. त्याने लिहिलेले क्लाइव्हचे चरित्र मरणानंतर, १८३६ मध्ये छापले गेले.

माल्कम हा तटस्थ साक्षीदार नव्हे. मराठी राज्यांतली बेबंदशाही तो रंगवून सांगतो तेव्हा कंपनीच्या राज्याचे समर्थन त्यात मिसळलेले असते. ज्यांची राज्ये त्याने घेतली त्यांचाच इतिहास तो लिहीत होता. पण जिंकलेल्यांचे म्हणणे ऐकून टिपून ठेवणारे सेनानी त्या काळी फार नव्हते. माळव्याचा आणि होळकरशाहीचा अभ्यास करणाऱ्याने त्याचा ग्रंथ टाळून चालणार नाही. आपल्याकडच्या बखरी आणि दफ्तरातले कागद शेजारी ठेवून तो वाचावा, आणि दोहोंत तफावत दिसेल तिथे दोघांनाही जाब विचारावा.