न थांबणारा वण

केलॉइड म्हणजे जखम भरून आल्यावरही वाढतच राहणारा वण. साधा वण हळूहळू सपाट आणि फिका होतो. हायपरट्रॉफिक वण फुगतो खरा, पण मूळ जखमेची हद्द सोडत नाही. केलॉइड ती ओलांडून शेजारच्या निरोगी कातडीवर पसरतो. कडक, चकचकीत असतो, खाजतो, ठणकतो. सावळ्या त्वचेत त्याचं प्रमाण जास्त, आणि बऱ्याचदा तो घराण्यात चालत येतो. टोचलेली कानाची पाळी, दंडावरची बीसीजीची खूण, छातीवरची मुरमं, एवढंसं निमित्त त्याला पुरतं. म्हणून घरात कुणाला केलॉइड असेल, तर मुलांचे कान टोचण्याआधी डॉक्टरांना विचारणं शहाणपणाचं.

जखम झाली की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणून ती सांधतात. त्यांना कामाला लावतो टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक. काम संपलं की त्यांनी थांबायचं असतं. केलॉइडमध्ये त्या थांबत नाहीत. का थांबत नाहीत, याच्या उत्तराचा एक मोठा भाग अलीकडे आरएनएमध्ये सापडू लागला आहे.

आरएनए म्हणजे प्रथिनं बनवण्याचा निरोप, असं शाळेत शिकवतात. पण माणसाच्या जनुकसंचाचा जेमतेम 2 टक्के भाग प्रथिनांसाठी आहे. उरलेल्या भागातूनही पुष्कळ आरएनए तयार होतात. त्यांतून प्रथिन बनत नाही, मात्र कुठला निरोप अमलात यायचा आणि कुठला दाबायचा, हे त्यांतले कित्येक ठरवतात. त्यांपैकी मायक्रोआरएनए अवघ्या 22 अक्षरांच्या आसपास लांबीचे. पहिला 1993 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं.

वणाच्या बाबतीत दोन मायक्रोआरएनए महत्त्वाचे. मिआर-29 कोलॅजनचे निरोप दाबून ठेवतो. टीजीएफ-बीटा वाढला की हा पहारेकरीच कमी होतो आणि कोलॅजन मोकाट सुटतं. मिआर-21 चं काम उलटं. टीजीएफ-बीटाला आवर घालणारं स्मॅड-7 हे प्रथिन तो दाबतो, आणि टीजीएफ-बीटा तर मिआर-21 वाढवतो. चक्र असं स्वतःलाच फिरवत राहतं. 200 अक्षरांहून लांब आरएनएंपैकी एच-19 हाही केलॉइडमध्ये वाढलेला आढळतो.

आजचे उपचार म्हणजे ट्रायअ‍ॅमसिनोलोनची वणातच दिलेली इंजेक्शनं, सिलिकॉनची पट्टी, दाब. नुसता कापून काढला तर केलॉइड बहुतेकदा परततो, कधी आधीपेक्षा मोठा होऊन. म्हणून शस्त्रक्रियेला इंजेक्शन किंवा किरणोपचाराची जोड देतात. मिआर-29 ची नक्कल करणाऱ्या रेमलारसेन या रेणूच्या माणसांवर चाचण्या झाल्या, पण तो औषध म्हणून बाजारात आलेला नाही. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर हुकमत चालवतो. त्यामुळे वण आवरताना जखम नीट भरण्याचं कामही बिघडू न देणं, ही यातली खरी अडचण आहे.