वर्ग बागेत आणि बंदरावरही भरावा

दहावीचा निकाल लागला की देवगड तालुक्यातील घरोघरी एकच प्रश्न निघतो, ‘आता मुलाला कुठे पाठवायचे?’ प्रश्नातच अर्धे उत्तर आलेले असते. पाठवायचे म्हणजे मुंबईला, आणि नशिबाने साथ दिली तर पुढे आखातात. मुलाने इथेच काही करावे, हा विचार क्वचितच कुणाच्या मनात येतो. आणि याच तालुक्यातील हापूसच्या बागा राखायला, फवारणी करायला नेपाळमधून माणसे येतात. बंदरातील यांत्रिक होड्यांवर परप्रांतीय खलाशी काम करतात. ही माणसे घामाची कमाई खातात, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न आपल्या मुलांबद्दल आहे. जो धंदा त्यांच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर चालतो, त्यात किती प्रकारची कामे आहेत, कोणत्या कामाला काय शिकावे लागते आणि त्यातून काय मिळते, हे दहा वर्षे शाळेत जाऊनही त्यांना का सांगता येत नाही?

शाळेत व्यवसायाची ओळख करून देण्याचा विचार नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली होती. आपल्या शाळांत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय अनेक वर्षे होता, पण बहुतेक ठिकाणी तो कागदी फुले आणि खडू बनवण्यापलीकडे गेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे. त्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा गावातील कसबी माणसांच्या हाताखाली शिकावे, अशी अपेक्षा आहे. समग्र शिक्षा योजनेतही व्यावसायिक विषय शिकवणाऱ्या शाळांना बाहेरचे तज्ज्ञ बोलावण्यासाठी आणि क्षेत्रभेटींसाठी तरतूद आहे. म्हणजे मुभा आहे, थोडाफार पैसाही आहे. उणीव आहे ती हे काम नीट कसे करावे, याच्या समजुतीची.

महाराष्ट्रात हे नीट करून दाखवलेले एक ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधक होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते तिथेच राहिले. तिथे तयार झालेला अभ्यासक्रम नंतर अनेक शाळांत गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करतात. लोखंड-लाकडाचे काम, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. शिकवायला शक्यतो त्याच भागातील कसबी माणूस घेतला जातो, आणि मुलांनी केलेले काम गावाच्या खरोखर उपयोगी पडावे असा आग्रह असतो. पाहुण्याचे भाषण ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचे, असा प्रकार तिथे नाही.

आपल्याकडे मात्र बहुधा तेच होते. शाळेत पाहुणा बोलवायचा म्हणजे व्यासपीठ, शाल-श्रीफळ, परिचय, तासाभराचे भाषण आणि आभार. पाहुणाही शक्यतो साहेब किंवा पुढारी. तो ‘मोठी स्वप्ने पाहा’ असे सांगतो आणि पुढच्या कार्यक्रमाला जातो. सहलीचेही तसेच. दीडशे मुले एस.टी.तून एखाद्या कारखान्यात उतरतात, पुढच्या दहा जणांना काय ते दिसते, बाकीच्यांना पाठी दिसतात. अशा कार्यक्रमांनी नुकसान होत नसले तरी शिकणेही होत नाही.

मग कसे करावे? देवगडपुरते बोलायचे तर सुरुवात कोय कलमापासून करावी, असे आम्हाला वाटते. याला भांडवल लागत नाही आणि वेळ शाळेच्या वेळापत्रकाला अगदी जुळणारी आहे. मे महिन्यात घरोघरी रायवळ आंबे खाल्ले जातात आणि कोयी उकिरड्यावर जातात. शिक्षकांनी सुट्टी लागण्यापूर्वीच मुलांना सांगावे की कोयी धुऊन सावलीत ठेवा आणि लवकर रुजत घाला, कारण कोय फार दिवस ठेवली तर तिची रुजण्याची ताकद जाते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा रोपे वर येऊ लागलेली असतात. पाने तांबूस आणि कोवळी असतानाच कलम करायचे असते. त्या आठवड्यात एखाद्या रोपवाटिकेतील कलम बांधणारा कारागीर वर्गात बोलवावा. त्याने भाषण देऊ नये. चाकू, हापूसच्या काड्या आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन बसावे आणि मुलांदेखत वीस-पंचवीस कलमे बांधावीत. रोप किती उंचीवर छाटायचे, मधोमध चीर किती खोल द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार कसा द्यायचा, दोन्हींची साल एकमेकांना का भिडली पाहिजे, हे तो बोलता बोलता दाखवतो. मग प्रत्येक मुलाने आपल्या नावाची दहा कलमे बांधावीत, आणि शिक्षकांनी त्यांवर तारीख लिहावी.

खरा धडा पुढे आहे. महिनाभराने मोजावे, दहापैकी किती फुटली. कारागिराची बहुतेक जगलेली दिसतील आणि मुलांची बरीचशी सुकलेली. तेव्हा त्याच कारागिराला पुन्हा बोलवावे आणि सुकलेली कलमे त्याच्यासमोर ठेवावीत. कुठे पट्टी सैल राहिली, कुठे काडी जून झालेली होती, कुठे पाणी शिरले, हे तो हातात घेऊन सांगेल. पहिल्या भेटीपेक्षा ही दुसरी भेट कितीतरी मोलाची. आपल्याकडे नेमकी हीच भेट कधी होत नाही. पुढे गणिताच्या तासाला एका कलमाला खर्च किती आला, रोपवाटिकेत ते काय भावाने जाते आणि मर तुटीचा हिशेब धरला तर हाती काय उरते, एवढे मांडले की मुलांना धंदा म्हणजे काय ते कळू लागते.

कोकणात शाळेचे वर्ष आणि धंद्याचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, ही एक मोठी अडचण आहे. आंब्याचा खरा हंगाम मार्च ते मे. तेव्हा मुले परीक्षेत किंवा सुट्टीत असतात. पण नीट पाहिले तर यातून वाट निघते. मासेमारीचेच घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते. शाळा उघडते त्याच दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिने खोललेली असतात, जाळी पसरून शिवली जात असतात आणि एरवी न सापडणारा तांडेल घरी असतो. दहा-बारा मुलांचा गट घेऊन बंदरावर जाण्याची हीच वेळ. ऑगस्टनंतर कुणालाही फुरसत नसते आणि लिलावाच्या गर्दीत मुलांची अडचणच होते. पावसाळ्यात इंजिन दुरुस्त करणारा मेकॅनिक, जाळे विणणारा, लाकडी होडीचा सुतार आणि फायबरचे काम करणारा असे चार वेगवेगळे व्यवसाय एकाच जागी पाहायला मिळतात. तांडेलाला मोबाइलवर हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून येणारा माशांच्या संभाव्य ठिकाणांचा अंदाज दाखवायला सांगावे. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश-रेखांश पोट भरण्यासाठी कसे वापरतात, हे मुलांना तिथे दिसते. खर्च वजा जाता मालक, तांडेल आणि खलाशी यांचे वाटे कसे पडतात, हेही विचारावे. २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीन जाळ्यांवर घातलेली बंधने आणि त्यावरून रापणकरांशी असलेला वाद हाही विषय टाळू नये. ज्या धंद्यात उतरायचे, त्यातील भांडणेही ठाऊक हवीत.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बागांमध्ये कल्टार घालतात. झाडाच्या घेराच्या व्यासाप्रमाणे मीटरला ३ मिलिलिटर, हे कोकण कृषी विद्यापीठाने दिलेले प्रमाण आहे. व्यास ८ मीटर असेल तर २४ मिलिलिटर. मुलांनी औषधाला हात लावायचा नाही, पण टेपने व्यास मोजून मात्रा काढायला काय हरकत आहे? नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोहोर पाहावा. तालुक्यातच रामेश्वर येथे विद्यापीठाचे आंबा संशोधन उपकेंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांकडून तुडतुडे आणि करपा यांची माहिती घ्यावी, आणि विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा ‘रक्षक’ सापळा प्रत्यक्ष उघडून पाहावा. त्या एवढ्याशा माशीमुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले होते आणि ते जानेवारी २०१५ मध्ये उघडले, हे सांगितले की सापळ्याचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

फेब्रुवारीत पहिल्या पेट्या वाशीला निघतात. परीक्षेआधीची ही शेवटची भेट प्रतवारीच्या शेडमध्ये द्यावी. चौदा आणे तयार फळ कसे ओळखतात, देठासकट काढण्यासाठी नूतन झेला कसा वापरतात, पेटीत फळ मोठे तसे डझन का कमी बसतात, कॅनिंगला किलोवर जाणारा माल कोणता, हे तिथे काम करणाऱ्या बायांना जितके कळते तितके क्वचितच कुणाला कळत असेल. त्यांनाही ‘पाहुण्या’ म्हणूनच बोलते करावे. मुलींना याचा विशेष उपयोग होतो, असे आम्ही मानतो. सर्वांत शेवटी एखाद्या बागायतदाराकडून दलालाची जुनी पट्टी मागून आणावी. त्यातील भाडे, हमाली, तोलाई आणि इतर कपाती वजा करत जावे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतरही बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने का विकला जातो, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील.

बाहेर जाणाऱ्यांचे काय? सगळ्यांनी गावातच राहावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या किनाऱ्यावर बोटीवर नोकरी केलेली आणि आखातात पंचवीस-तीस वर्षे काढलेली माणसे गावोगाव आहेत. रजेवर आलेल्या वायरमनला किंवा निवृत्त झालेल्या नाविकाला वर्गात बोलवावे. मात्र आखाताची चमक सांगण्यासाठी नव्हे. दिवस कसा जातो, पगारातून जेवण-राहणे वजा जाऊन घरी किती येते, कुठल्या प्रमाणपत्राअभावी आपण मागे राहिलो, हे त्यांनी सांगावे. आणि एजंटांच्या फसवणुकीविषयी तर सांगावेच. बोटीवर भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नाविकाकडून भरतीसाठी पैसे घेण्यास त्याला मनाई आहे. आखातासाठी माणसे पाठवणाऱ्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. एवढी माहिती पंधराव्या वर्षी कानावर पडली तर पुढे एखाद्या घराचे दागिने गहाण पडायचे वाचतील.

आता थोडे व्यवहाराचे. पाहुणा येण्याच्या चार दिवस आधी मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. त्यात ‘तुमचे एखादे वर्ष तोट्यात गेले का, मग काय केलेत?’ हा प्रश्न जरूर असावा. एका वेळी एक तुकडी, चाळीस मिनिटे, खुर्च्या गोलाकार. भेटीला जाताना पालकांची लेखी संमती घ्यावी, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. होडीवर चढायचे तर बंदी काळात किनाऱ्यावर ओढलेल्याच होडीवर. लांबचा प्रवास असेल तर एस.टी. शालेय सहलींना भाड्यात सवलत देते.

आणि कारागिराला त्याची मजुरी द्यावी. साहेब शाळेत येतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. कलम बांधणाऱ्याचा किंवा मेकॅनिकचा दिवस बुडतो. योजनेतील तरतूद मिळत असेल तर ती घ्यावी, नसेल तर माजी विद्यार्थ्यांकडे मागावी. वर्षभरात सहा-सात भेटी धरल्या तरी ही रक्कम एका स्नेहसंमेलनाच्या मंडप-लाऊडस्पीकरच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही.