पगारातला ‘गा’

आठवडी बाजार जवळ आला की रिसोड-मालेगावकडचा मजूर विचारतो, “पगार झाला का?” हा ‘पगार’ मूळचा पोर्तुगीजांचा. वसईला त्यांचा अंमल १७३९ पर्यंत होता, गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत. चावी, बटाटा, घमेले हे शब्द त्यांच्याकडून आले, तसाच हाही. मात्र त्यांच्याकडे ते नाम नव्हे, क्रियापद आहे: पैसे चुकते करणे.

त्या भाषेत शब्दातल्या एका अक्षरावर आघात पडतो आणि बाकीची अक्षरे दबतात. आघाताचा ‘आ’ मोकळा ऐकू येतो, दबलेला आपल्या ‘अ’सारखा. म्हणून प-गार. आपल्या लोकांनी कानाने ऐकले तसेच उचलले. बटाट्यातही पहिला ‘ब’ ऱ्हस्व आणि मधला ‘टा’ दीर्घ, तो याच कारणाने.

आता हे क्रियापद चालवून पाहू. ‘मी देतो’ म्हणजे ‘पागु’, आघात पहिल्यावर. ‘आम्ही देऊ’ म्हणजे ‘प-ग-रे-मुश’, आघात ‘रे’वर. खरी गंमत पुढे आहे. ‘प-गा-र’ असे मधल्यावर जोर देऊन म्हटले, तर ‘त्याने पैसे दिले होते’. ‘प-ग-रा’ असा जोर शेवटी दिला, तर ‘तो देईल’. लिहिताना फरक शेवटच्या स्वरावरच्या एका तिरक्या रेघेचा. मजुराच्या दृष्टीने मात्र केवढा!

याहून नवल म्हणजे ‘मी त्याला देईन’ हे ग्रांथिक रूप: ‘पगर-ल्य-ऐ’. ‘त्याला’ हा शब्द क्रियापदाच्या पोटात शिरतो आणि मुख्य आघात शेवटच्या ‘ऐ’वर जातो. आपण ‘चुकव-त्याला-ईन’ म्हटले तर पोरे हसतील! पण तो ‘ऐ’ एके काळी वेगळे क्रियापद होते. ‘मला द्यायचे आहे’ यातल्या ‘आहे’सारखे. दोघांमध्ये जागा होती, तिथे सर्वनाम बसले. बोलण्यात हे रूप आता क्वचितच येते.

मराठीत आघाताने काळ बदलत नाही. पण उच्चाराचे तुकडे पाडायला आपली पोरेही चुकतात, कारण ती लिहिलेली अक्षरे मोजतात. ‘करवतो’ लिहायला चार अक्षरे, बोलायला तीनच तुकडे: क-रव-तो. ‘राहिला’चे तीन, तर आपल्या वऱ्हाडी ‘करून रायला’तल्या ‘रायला’चे दोन. गुरुजींनी वर्गात बाकावर टिचकी मारून हे तुकडे मोजवून घ्यावेत. घरची बोली आणि पुस्तकातली भाषा, दोन्ही शेजारी ठेवून.