बल्बच्या तारेतली ढकलाढकली!

पिवळा उजेड देणारा जुना काचेचा बल्ब पाहिला आहेस ना? त्यात केसाहूनही बारीक, गुंडाळलेली तार असते. टंगस्टन नावाच्या धातूची! आता ओळख पाहू, तिच्यातून वीज सहज कधी वाहते? तार गार असताना की तापल्यावर?

थांब, घाई नको! आधी आपण शाळेत जाऊ.

मधली सुट्टी झाली! मुलं अरुंद व्हरांड्यातून मैदानाकडे निघाली. मागून रेटा येतोय, तो म्हणजे व्होल्टेज. दर सेकंदाला जितकी मुलं पुढे जातात, तो करंट. आणि व्हरांड्यात उभी असलेली मुलं वाट अडवतात, तो रोध! रेटा वाढला की जास्त मुलं जातात. अडथळा वाढला की कमी. तारेत ही धावणारी मुलं म्हणजे इलेक्ट्रॉन, इवलेसे कण!

हा हिशेब मांडला जर्मनीतल्या गेऑर्ग ओमने. तो कोलोनच्या शाळेत शिकवायचा! 1827 साली त्याचं पुस्तक आलं. व्होल्टेजला रोधाने भागलं, की करंट मिळतो. बस्स, एक भागाकार!

चल, करून बघू. आपल्या घरातलं व्होल्टेज 230 व्होल्ट. पेटलेल्या 60 वॉटच्या बल्बचा रोध सुमारे 880 ओहम; रोध ओहममध्ये मोजतात आणि करंट अँपिअरमध्ये. भागाकार केला की करंट येतो जेमतेम पाव अँपिअर.

आणि गंमत ऐक! तोच बल्ब गार असताना त्याचा रोध असतो फक्त 60 ते 70 ओहम! म्हणजे वीज सहज वाहते ती गार तारेतून!

असं का? तार तापली की तिच्यातले अणू जागच्या जागी जोरजोरात थरथरतात. व्हरांड्यात उभी असलेली मुलं उड्या मारायला लागली, तर मधून वाट काढणं किती कठीण! पेटलेली तार तर सुमारे 2500 अंश सेल्सिअस तापते. लोखंडाचं केव्हाच पाणी झालं असतं!

म्हणून बटण दाबताच त्या पहिल्या क्षणी तीन अँपिअरहूनही जास्त करंट धावत सुटतो! मग तार तापते, रोध चढतो आणि करंट आपोआप आवरला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत!

खूप वापरलेल्या बल्बची तार मात्र कुठेतरी झिजलेली असते. करंटचा तो पहिला लोंढा आला, की झिजलेली जागा सगळ्यात आधी तापते आणि वितळते. म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जातात. टिक!