शंभर जणांचे पार्ट

बाथ शहरात न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ क्रमांकाच्या घरी बहुतेक लोक मागची बाग पाहायला येतात. १३ मार्च १७८१च्या रात्री विल्यम हर्शेलने तिथूनच युरेनस टिपला. मी मात्र संगीताच्या खोलीत रेंगाळलो. या माणसाचं पोट संगीतावर चालायचं.

हॅनोवरच्या लष्करी बँडमधला हा ओबोवादक १७५७मध्ये युद्धाच्या धामधुमीत इंग्लंडला आला. लंडनमध्ये सुरुवातीला त्याने दुसऱ्यांच्या स्वरलिपी उतरवून दिवस काढले. १७६६मध्ये हॅलिफॅक्सच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाच्या निवडीच्या वेळी त्याने खर्जाच्या पट्ट्यांवर शिशाचे दोन तुकडे ठेवले, असं सांगतात. खालचा स्वर आपोआप धरलेला आणि दोन्ही हात मोकळे! जागा त्यालाच मिळाली. पण त्याच वर्षी बाथच्या ऑक्टॅगन चॅपेलने त्याला बोलावून घेतलं. गरम झऱ्यांसाठी श्रीमंत मंडळी बाथला येत, त्यांना गाणं शिकायचं असे. सकाळपासून शिकवण्या, मग तालमी, रात्री मैफल.

१७७२मध्ये त्याने बहीण कॅरोलाइनला आणलं. तिची तयारी वाचून मी थक्क झालो. हॅनोवरमध्ये एकटी असताना ती दातांत बोळा धरून व्हायोलिनच्या गती गळ्यातून काढायची. बाथमध्ये रोज दोन-तीन वेळा भावाकडून गाण्याची तालीम, शिवाय इंग्रजी आणि घराचा हिशेब. आणि त्यावर लेखन. हँडेलच्या ‘मसाया’ आणि ‘ज्यूडास मॅकाबीअस’चे जवळजवळ शंभर कलाकारांसाठीचे पार्ट तिने हाताने उतरवले. मूळ स्वरलिपीत सगळी वाद्यं एकाखाली एक असतात. त्यातून प्रत्येकाची ओळ वेगळी काढायची, विरामाच्या मात्रा मोजून लिहायच्या. एक मात्रा चुकली तरी तालमीत तो वादक भलत्याच जागी उचलतो. शहराच्या संगीताचा खरा भार या कामावर होता, असं माझं ठाम मत आहे. १७७८पर्यंत ती मुख्य गायिका झाली. बर्मिंगहॅमचं बोलावणं तिने नाकारलं. भावाच्या संचालनाखालीच गायचं, हा तिचा निश्चय.

१७८२मध्ये राजाने हर्शेलला वार्षिक २०० पौंडांवर खगोलशास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि भावंडांनी बाथ सोडलं. बाथच्या मैफली थांबल्या नाहीत. त्या इटलीहून आलेल्या व्हेनान्झिओ राउत्सिनीने, ज्याच्यासाठी मोझार्टने एकेकाळी रचना केली होती, १८१०मध्ये मरेपर्यंत चालवल्या.

त्या घरी गेलात तर बागेकडे वळण्याआधी संगीताच्या खोलीत थोडा वेळ जरूर थांबा.