एका ‘यू’ची गोष्ट : ख्रिस कॉर्नेलचे शांत अल्बम

शुद्धलेखनाच्या तासाला आपण सगळ्यांनी एक जोडी घोकलेली असते. दिन आणि दीन. एक म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे बिचारा. बोलताना फरक जवळजवळ कळत नाही, सगळा खेळ वेलांटीचा. इंग्रजीत अशीच एक जोडी आहे. मॉर्निंग म्हणजे सकाळ, आणि मॉर्निंग म्हणजे शोक. देवनागरीत दोन्ही अगदी सारखीच दिसतात, म्हणून मुद्दाम सांगते : शोकातल्या मॉर्निंगमध्ये ‘ओ’नंतर एक ‘यू’ जास्त असतो. हा एवढासा ‘यू’ एका अमेरिकन गायकाच्या अल्बमच्या नावातून १९९९ साली गळला आणि २०१५ साली परत आला. अल्बमचं नाव ‘युफोरिया मॉर्निंग’, गायक ख्रिस कॉर्नेल.

आपल्या मंडळात हे नाव किती जणांना ठाऊक असेल माहीत नाही. पण २००६ चा ‘कसिनो रोयाल’ पाहिला असेल, तर आवाज तुम्ही ऐकलेला आहे. डॅनियल क्रेगच्या पहिल्या बाँडपटाचं शीर्षकगीत त्याचंच. त्याआधीची त्याची खरी ओळख म्हणजे साउंडगार्डन हा बँड. १९८४ मध्ये सिएटल शहरात सुरू झालेला. (नाव तिथल्याच एका शिल्पावरून घेतलंय. उंच खांबांवर नळ्या लावल्यात आणि वारा आला की त्या वाजतात. मला हे नाव फारच आवडतं.) गिटारवर किम थायिल, ज्याचे आईवडील केरळातून अमेरिकेत गेलेले. कॉर्नेल सुरुवातीला ड्रम वाजवता वाजवता गायचा, मग ड्रम सोडून फक्त गाऊ लागला.

१९९४ च्या मार्चमध्ये त्यांचा ‘सुपरअननोन’ आला आणि थेट अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या ‘ब्लॅक होल सन’ आणि ‘स्पूनमन’ या दोन गाण्यांना पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली. तबला शिकणाऱ्यांनी ‘स्पूनमन’ ऐकताना मात्रा मोजून बघा. सात येतात, आपल्या रूपकासारख्या, ठेका अर्थात पूर्ण वेगळा. हे असं अवघड गणित हा बँड कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात सहज वाजवायचा.

आता त्या आवाजाबद्दल थोडं, कारण ते समजल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. हार्ड रॉकमध्ये गिटारचा आवाज जाड आणि खालच्या पट्टीत असतो, भिंतीसारखा. गायकाने मधल्या पट्टीत गायलं तर तो त्या भिंतीआड गडप होतो. म्हणून वर जायचं, तार सप्तकात, आणि आवाजाला मुद्दाम खरखर आणायची, म्हणजे तो भिंतीच्या वर दिसतो. कॉर्नेल यात इतका तरबेज होता की लोकांना वाटायला लागलं, हाच त्याचा आवाज. पण ती किंकाळी म्हणजे त्या खोलीत उभं राहायची एक रीत होती. खोली बदलली, भिंत काढली, माईक ओठांजवळ आणला, तर त्याच गळ्यातून काय निघतं? मधल्या आणि खालच्या पट्टीतला, श्वास ऐकू येणारा, थोडा थकलेला आवाज. मी चर्चच्या कॉयरमध्ये ऑल्टोत गाते. सोप्रानोवाल्या मुलींचं कौतुक होतं आणि आमच्या ओळी कुणाला ऐकूच येत नाहीत. त्यामुळे असेल, पण मला त्याचा हा खालचा आवाज आधी भावला.

बहुतेकांना वाटतं की बँड फुटला, मग तो हळवा झाला आणि शांत गाणी करायला लागला. तारखा तपासल्या तर तसं दिसत नाही. गोष्ट एका खोट्या कॅसेटपासून सुरू होते.

१९९२ साली कॅमेरॉन क्रो या दिग्दर्शकाचा ‘सिंगल्स’ नावाचा सिनेमा आला. सिएटलच्या संगीतविश्वावरचा. त्यात मॅट डिलनने क्लिफ पाँसियर नावाच्या एका हौशी, फारसं न जमणाऱ्या गायकाचं काम केलंय. सिनेमात या क्लिफची एक कॅसेट दाखवायची होती. पर्ल जॅम बँडचा जेफ अमेंट याने कॅसेटचं कव्हर बनवलं आणि त्यावर मनाला येतील ती गाण्यांची नावं लिहिली. गाणी नव्हतीच, फक्त नावं. कॉर्नेलने ती यादी घेतली आणि एकेका नावाला खरंखुरं गाणं रचून, स्वतःच रेकॉर्ड करून क्रोच्या हातात ठेवलं. आपल्याकडे समस्यापूर्ती म्हणतात ना, शेवटची ओळ देऊन कविता पुरी करायला सांगायची, तसाच प्रकार.

त्या यादीत ‘सीझन्स’ होतं. एक अकूस्टिक गिटार आणि एक आवाज, बाकी काही नाही. ते सिनेमाच्या साउंडट्रॅकमध्ये गेलं. त्याच यादीत ‘स्पूनमन’ होतं, जे पुढे साउंडगार्डनने उचललं, जाडजूड केलं आणि ज्याला ग्रॅमी मिळाली. आणि त्याच यादीत ‘फ्लटर गर्ल’ होतं, जे सात वर्षं पडून राहिलं आणि मग ‘युफोरिया मॉर्निंग’मध्ये आलं. म्हणजे त्याचं एक अत्यंत गाजलेलं कर्कश गाणं आणि एक शांत गाणं एकाच कॅसेटवर, शेजारी शेजारी जन्मले. दोघांपैकी एकाला बँड मिळाला, एवढंच. यानंतर ‘हळवा झाला’ म्हणणं मला तरी जमत नाही.

एप्रिल १९९७ मध्ये साउंडगार्डन फुटला. पुढच्याच महिन्यात, २९ मे रोजी, त्याचा मित्र आणि विलक्षण गायक जेफ बकली मेम्फिसजवळच्या नदीत बुडून गेला. ‘वेव्ह गुडबाय’ हे गाणं बकलीच्या आठवणीतलं आहे. कॉर्नेलसाठी हा पहिला धक्का नव्हता. त्याच्यासोबत घरात राहणारा गायक अँड्र्यू वूड १९९० मध्ये गेला, तेव्हाही त्याने शोकाची गाणी लिहिली होती आणि त्यांतून ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अख्खा अल्बम उभा राहिला. माणूस गेला की गाणं लिहायचं, ही त्याची सवयच होती म्हणा.

१९९९ चा अल्बम त्याने एकट्याने केला नाही. इलेव्हन नावाच्या बँडमधले दोघे, अलेन योहानेस आणि नताशा श्नायडर, त्याच्या बरोबर होते. योहानेस चिलीमध्ये जन्मलेला, नताशा सोव्हिएत काळातल्या रीगा शहरातली. त्यांच्या लॉस एंजेलिसमधल्या घरातल्या स्टुडिओत काम झालं. दोघांची नावं वृत्तपत्री लेखांत पुसट होऊन जातात, पण अल्बमचा पोत बराचसा त्यांचा आहे. नताशाची कीबोर्ड आणि पियानो ऐका. गिटारची भिंत जिथे असायची तिथे आता जागा आहे, हवा आहे. ‘व्हेन आय एम डाउन’मध्ये तो सुरुवातीला इतका खाली आणि सावकाश गातो की हा दुसराच कुणी वाटावा, पियानोवर टेकून गाणारा. नंतर वर जातो, किंकाळीच्या जवळ जातो. पण आता तिला अडवायला काही नसल्यामुळे ती मोठी वाटत नाही, एकटी वाटते. ‘स्वीट युफोरिया’त तर फक्त गिटार आणि गळा. ‘प्रीचिंग द एंड ऑफ द वर्ल्ड’चं नाव वाचून वाटतं की आता पुलपिटवरून गडगडाट होणार. प्रत्यक्षात जग संपायच्या आधी कुणीतरी सोबत असावं म्हणणाऱ्या माणसाचं ते अगदी मऊ गाणं आहे.

२१ सप्टेंबर १९९९ ला अल्बम बाजारात आला. बिलबोर्डवर अठराव्या क्रमांकापर्यंत पोचला आणि ‘कान्ट चेंज मी’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण साउंडगार्डनच्या मानाने खप किरकोळ. माझा म्हापशाचा मामा तेव्हा बोटीवर नोकरीला होता, त्याने ही सीडी कुठल्याशा बंदरात हौसेनं घेतली होती. दोनदा ऐकून ड्रॉवरमध्ये टाकली, असं तो सांगतो. ‘ओरडलाच नाही गो तो,’ हे त्याचं कारण. मला वाटतं जगभर साधारण हेच झालं असावं. लोक किंकाळी घ्यायला आले होते. दोन वर्षांत कॉर्नेल ऑडिओस्लेव्ह नावाच्या नव्या दणदणीत बँडमध्ये गेला, लोक खूश झाले, आणि हा अल्बम मागे राहिला.

आणि तो ‘यू’? कॉर्नेलला नाव शोकाचंच द्यायचं होतं. तेव्हाच्या मॅनेजरला वाटलं, सकाळ जास्त आकर्षक. कॉर्नेलने ऐकलं, आणि मग वर्षानुवर्षं ते त्याला टोचत राहिलं. १४ ऑगस्ट २०१५ ला अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्याने तो ‘यू’ परत बसवला. साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे सोनं आहे. ‘आनंदाची सकाळ’ हे कुठल्याही शुभेच्छापत्रावर खपेल असं नाव. ‘आनंदाचा शोक’ म्हटलं की विरोधाभास उभा राहतो, आणि प्रश्नही : आनंद गेला म्हणून शोक, की शोकातच कसलातरी आनंद? शिवाय ऐकताना दोन्ही नावं एकच. मला वाटतं दोन्ही अर्थ लागू पडतात, एकावर दुसरा पुसून टाकायची गरज नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टरची पहाट यांच्यात तरी किती रात्री असतात?

पुन्हा शोध लागायला २०१५ च्या आधीच सुरुवात झाली होती. २००७ च्या ‘कॅरी ऑन’ अल्बममध्ये त्याने मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ इतकं संथ आणि दुखरं करून गायलं की मूळ गाणं नाचायचं होतं हे विसरायला व्हावं. पुढच्या वर्षी ‘अमेरिकन आयडॉल’च्या एका स्पर्धकाने हीच चाल गायली आणि ती घराघरांत पोचली. मग २०११ चा ‘साँगबुक’ : स्टेजवर एकटा माणूस, गिटार, आणि जुनी सगळी गाणी कपडे उतरवल्यासारखी. मामाने ड्रॉवर उघडला तो हे ऐकल्यावर. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये ‘हायर ट्रुथ’ आला, जवळजवळ पूर्ण अकूस्टिक. (मध्ये २००९ ला टिंबालँडबरोबर केलेला ‘स्क्रीम’ही आहे. तो मी एकदा ऐकलाय, पुरे.)

१८ मे २०१७ ला डेट्रॉइटमध्ये, साउंडगार्डनच्या कार्यक्रमानंतर, कॉर्नेल गेला. वय ५२. ती आत्महत्या होती असा निष्कर्ष वैद्यकीय तपासणीत निघाला.

त्यानंतर या शांत अल्बमांकडे लोक मोठ्या संख्येने वळले, आणि माझी अडचण इथेच सुरू होते. मामासकट अनेक चाहते आता ‘युफोरिया मॉर्निंग’ ऐकून म्हणतात, त्याने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, आपल्यालाच कळलं नाही. नावात ‘शोक’ परत आला, दोन वर्षांत माणूस गेला, म्हणजे जणू ‘यू’ हीच भविष्यवाणी. मला हे पटत नाही. १९९९ मधला शोक जेफ बकलीचा होता, तुटलेल्या बँडचा होता, तेव्हाच्या नैराश्याचा आणि दारूचा होता, ज्याबद्दल तो पुढे स्वतः मोकळेपणी बोलला. दारूच्या व्यसनावर त्याने उपचारही घेतले. त्या अल्बमनंतर तो जवळजवळ अठरा वर्षं जगला. नवा बँड केला, बाप झाला, जुना बँड २०१० मध्ये पुन्हा जोडला, देशोदेशी एकटा गिटार घेऊन फिरला. शेवटच्या पानावरून मागे वाचत गेलं की ही सगळी वर्षं नुसती वाट पाहण्याची वर्षं होतात, आणि बारा गाणी म्हणजे बारा पुरावे. मग ‘व्हेन आय एम डाउन’मधला पियानो कोण ऐकणार? नताशा श्नायडरही २००८ मध्ये कॅन्सरने गेली. तिच्या वाजवण्यात कुणी भविष्य शोधत नाही, आणि तेच बरोबर आहे.

हे मी फक्त समीक्षेच्या हौसेने म्हणत नाहीये. आपल्या वयाची मुलंमुली ही गाणी रात्री एकटी ऐकतात, मीही ऐकते. दुःखाचं गाणं आवडणं म्हणजे ते आपलं भविष्य असणं नव्हे, आणि लिहिणाऱ्याचंही नव्हे. पण वर्गातली एखादी मैत्रीण खरंच बोलायची बंद झाली असेल, तर तिच्या प्लेलिस्टचा अर्थ लावत बसू नका. तिच्याकडे जा, विचारा, गरज असेल तर तिला मोठ्या माणसाकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. गाण्यांवरून माणसाचं निदान होत नाही.

ऐकायचं असेल तर माझा क्रम सांगते. आधी ‘सीझन्स’. मग ‘फ्लटर गर्ल’ दोनदा : एकदा ‘युफोरिया मॉर्निंग’मधलं, एकदा मूळ कॅसेटवरचं, जे ‘सिंगल्स’च्या २०१७ च्या वाढीव आवृत्तीत आलंय. ही आवृत्ती त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, १९ मेला, बाजारात आली. तारीख बरीच आधी ठरलेली होती, हा निव्वळ योगायोग. नंतर त्याच आवृत्तीतलं एकट्याचं ‘स्पूनमन’ लावा आणि सात मात्रा मोजा. भिंत उभी राहायच्या आधी ते गाणं किती हलकं होतं, ते तिथे ऐकू येतं. मामाला मी ते मागच्या नाताळात ऐकवलं. त्याने फक्त आवाज थोडा वाढवायला सांगितला.